अब्बांची वही, अम्मीचं बोट

गेल्या ईदला बहीण मुलांना घेऊन सोलापूरला आली होती. शीरखुर्मा झाला, मोहल्ल्यातल्या भेटीगाठी झाल्या आणि दुपारी घर जरा शांत झालं. भाचा लॅपटॉप उघडून कोपऱ्यात बसला. तो पुण्याला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात आहे. पडदा पूर्ण काळा आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी भराभर वर सरकत होत्या. शेजारी अम्मी सुपारी कातरत बसली होती. तिनं वाकून पाहिलं आणि काळजीनं विचारलं,

"क्या रे, बिगड गया क्या? सब कालाच दिसता."

"बिगड्या नै नानी. असली कॉम्प्युटर ऐसाइच रैता," तो हसून म्हणाला. मग माझ्याकडे वळून त्यानं आपलं तत्त्वज्ञान सांगितलं. "मामू, चित्रांवर क्लिक करत बसणं म्हणजे अंगठा उठवण्यासारखं आहे. ज्याला कमांड येत नाही, त्याला कॉम्प्युटर येत नाही."

त्याच्या वयात मी नेमकं याच्या उलट म्हणायचो. कमांड टाइप करत बसणारी माणसं मागासलेली, काळ पुढे गेला तरी जागेवरच राहिलेली, असं माझं मत होतं. हे मत मी नुसतं बोलून दाखवलं नव्हतं, घरातल्या एका माणसावर चालवूनही पाहिलं होतं. म्हणून भाच्याशी वाद न घालता मी उठलो आणि कपाटातून अब्बांची वही काढली.

ती लाल कापडी बांधणीची लांबट वही आहे, दुकानात उधारी लिहायला असते तशी. ती मराठी वहीसारखी उघडली तर पहिली पानं कोरी लागतात. उर्दूच्या बाजूनं, म्हणजे मागून उघडली की मग सुरू होते.

अब्बा चाटी गल्लीतल्या एका सुताच्या पेढीवर दिवाणजी होते. उर्दू शाळेतून जुनी मॅट्रिक झालेले. इंग्रजी वाचता येई, लिहिता येई, पण बोलायची वेळ आली की घाम फुटायचा. हिशोब मात्र असा की शेटजी रोजमेळ तपासायचे नाहीत, नुसती सही करायचे. 1993 साली पेढीवर संगणक आला. विकणाऱ्यानं दोन दिवस शिकवलं आणि तो गेला. पडद्यावर काय, तर काळ्या अंधारात 'सी', एक कोलन, एक तिरपी रेघ आणि एक लुकलुकणारी खूण. मशीन काहीच बोलत नाही, काहीच दाखवत नाही. काय करायचं ते तुम्हालाच ठाऊक असायला हवं, आणि एक अक्षर चुकलं की उत्तर ठरलेलं, 'बॅड कमांड ऑर फाइल नेम'.

शेटजींचा मुलगा दोन दिवसांत कंटाळला. अब्बा कंटाळले नाहीत. त्यांनी वही केली. डाव्या बाजूला इंग्रजी कॅपिटल अक्षरांत कमांड आणि उजव्या बाजूला उर्दूत तिचा अर्थ. 'डीआयआर' म्हणजे कपाटात काय काय आहे ते दाखव. 'सीडी' म्हणजे दुसऱ्या कप्प्यात जा. 'कॉपी' आणि पुढे 'ए' कोलन म्हणजे फ्लॉपीवर नक्कल उतरव. त्यांच्या दृष्टीनं 'डीआयआर' हा 'डिरेक्टरी'चा संक्षेप नव्हताच. ती एक खूण होती, तावीजावरच्या अक्षरासारखी. अर्थ लागो न लागो, लिहिलं तसं लिहायचं. सहा महिन्यांत चाटी गल्लीतले इतर दिवाणजी त्यांना विचारायला येऊ लागले.

पुढे मी जेव्हा हा विषय शिकलो, तेव्हा कळलं की ही कोड्यासारखी अक्षरं कुणी मुद्दाम अवघड केलेली नाहीत. 1969 साली अमेरिकेत बेल लॅब्समध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचं काम सुरू केलं, तेव्हा संगणकाशी बोलायचं ते टेलिटाइप नावाच्या यंत्रावरून. दिसायला टाइपरायटरसारखं, उत्तर कागदावर छापून देणारं. त्यातलं मॉडेल 33 सेकंदाला जेमतेम 10 अक्षरं छापायचं, आणि बटणं दाबायलाही जड. मग 'लिस्ट'चं 'एलएस' झालं आणि 'कॉपी'चं 'सीपी'. 1981 च्या ऑगस्टमध्ये आयबीएमचा पीसी आला, त्याच्याबरोबर डॉस आलं. त्यातले शब्द थोडे लांब होते, पण रीत तीच. शब्द माहीत असणाऱ्या माणसांनी, शब्द माहीत असणाऱ्या माणसांसाठी केलेली व्यवस्था. सुताच्या पेढीवरचा दिवाणजी त्यांच्या डोळ्यांसमोर कुठून असणार?

तरीही तो दिवाणजी त्या व्यवस्थेत रुळला, आणि त्याला कारण होतं. कमांड लिहून ठेवता येते. आज लिहिलेली उद्या तशीच चालते. फोनवरून सांगता येते. अब्बा एकदा आजारी असताना पेढीवरून शेजाऱ्यांच्या फोनवर फोन आला. अब्बांनी अंगावर शाल घेऊन, डोळे मिटून एकेक अक्षर सांगितलं, पलीकडच्या पोरानं तसं दाबलं आणि काम झालं. ज्याचं आयुष्य वहीत गेलं, त्याला वहीत मावणारी गोष्ट समजते. काळा पडदा अब्बांना परका वाटला नाही. त्यांच्या लेखी ती एक कडक स्वभावाची खातेवहीच होती.

कडकपणाचा दुसरा अर्थही त्यांनी पाहिला. पत्रव्यवहार वर्डस्टारमध्ये असायचा. कोणत्या पार्टीकडे किती बाकी, कुणाला स्मरणपत्र गेलं, हे सगळं त्या फाइलींत. एका दुपारी नव्या पोरानं फ्लॉपी रिकामी करायची म्हणून 'डेल' लिहून पुढे स्टार डॉट स्टार दिलं, पण तो उभा होता भलत्याच कप्प्यात. मशीननं विचारलं, सगळ्या फाइली जातील, नक्की? त्यानं 'वाय' दाबलं. दोन सेकंदांत दोन वर्षांची पत्रं गेली. पोरगं रडायला लागलं.

दुरुस्तीवाला आला. नशिबानं मशीनवर डॉसची पाचवी आवृत्ती होती, तिच्यात 'अनडिलिट' नावाची कमांड होती. डॉस फाइल पुसतं म्हणजे काय करतं, तर तिच्या नावाचं फक्त पहिलं अक्षर खोडतं आणि ती जागा मोकळी झाली असं धरून चालतं. मजकूर तिथंच असतो, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. म्हणून 'अनडिलिट' प्रत्येक फाइलपाशी थांबून विचारतं, हिचं पहिलं अक्षर काय होतं? दुरुस्तीवाला एकेक नाव वाचत गेला, बिनडोक्याची नावं, आणि अब्बा पहिलं अक्षर सांगत गेले. फाइलचं नाव आठ अक्षरांत बसवायचं बंधन होतं, त्यामुळे प्रत्येक पार्टीचं नाव तोडून मोडून त्यांनीच बसवलेलं. शंभरावर फाइली होत्या. एकदाही वही उघडावी लागली नाही. शेटजींनी त्या दिवशी पूर्ण पेढीला भजी मागवली.

हे मी अब्बांच्या तोंडून निदान वीस वेळा ऐकलं असेल. तेव्हा कंटाळा यायचा.

आता माझ्याबद्दल. 1997 साली मी डिप्लोमा करून घरी आलो. नवा मुल्ला पाच वेळ बांग, तशी माझी गत. मी विंडोज शिकून आलो होतो आणि विंडोज हेच भविष्य आहे याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. तशी ती शंका घ्यायला जागाही नव्हती. डग्लस एंगलबार्टनं 1968 च्या डिसेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत भर सभेत माउस चालवून दाखवला होता. त्या माउसचा पहिला नमुना लाकडी होता. पुढे झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टोच्या प्रयोगशाळेत 1973 साली आल्टो नावाचा संगणक तयार झाला, त्यात आज आपण पाहतो तसल्या खिडक्या पडद्यावर उघडू लागल्या. 1984 साली ॲपलचा मॅकिंटॉश आला, 1990 मध्ये विंडोज 3.0 आणि 1995 च्या ऑगस्टमध्ये विंडोज 95. पाठांतराची गरज संपली. जे करता येतं ते समोर मांडून ठेवलेलं आहे, बघा आणि बोट ठेवा. सामान्य माणसाला संगणक मिळाला तो तेव्हा, हे मी आजही मानतो.

आमच्या मोहल्ल्यापुरतं सांगायचं तर त्याचा आणखी एक अर्थ होता. डॉसच्या पडद्यावर 80 रकाने आणि 25 ओळी, एका घरात एकच अक्षर. त्या घरात इंग्रजी बसतं. देवनागरीची काना-मात्रा-वेलांटी बसवायला पुण्याच्या सी-डॅकनं जिस्ट नावाचं वेगळं कार्ड काढलं होतं, ते मशीनमध्ये बसवलं की डॉसवरही मराठी दिसायची. पण उर्दूची नस्तालीक तर उतारावरून घसरत येते, शब्द उजवीकडे वर सुरू होतो आणि डावीकडे खाली येऊन टेकतो. ती चौकोनी घरात कशी बसावी? मिर्झा अहमद जमील यांनी 1981 मध्ये जोडाक्षरांचे हजारो ठसे हातानं लिहून नूरी नस्तालीक तयार केली, पण ती छपाईच्या महागड्या यंत्रांसाठी होती. ती साध्या संगणकावर आली इनपेजमधून, 1994 च्या सुमाराला, आणि इनपेज चालतं विंडोजवर. मी अब्बांना एकदा त्यात त्यांचं नाव टाइप करून दाखवलं. संगणकाच्या पडद्यावर, नस्तालीकमध्ये, स्वतःचं नाव. ते बराच वेळ बघत राहिले. मग चष्मा काढून पुसला. काही बोलले नाहीत.

म्हणजे चित्रांचा पडदा त्यांच्या विरोधात होता असं नाही. विरोधात मी होतो.

शेटजींच्या मुलानं मला पेढीवर बोलावलं आणि नवीन मशीनवर विंडोज 95 बसवायला सांगितलं. जुन्या मशीनवर अब्बांसाठी दुरुस्तीवाल्यानं एक छोटी बॅच फाइल करून दिली होती. संगणक सुरू केला की पडद्यावर यादी यायची. एक दाबा, हिशोब. दोन दाबा, पत्र. तीन दाबा, फ्लॉपीवर नक्कल. ती फाइल नव्या मशीनवर सहज नेता आली असती, विंडोज 95 मध्ये डॉसची खिडकी होतीच. मी नेली नाही. "अब्बा, आता हे कुणी वापरत नाही," मी म्हणालो. दुकानातल्या लोकांसमोर म्हणालो.

अब्बांचा उजवा हात थोडा कापायचा. लिहिताना तो कंप दिसत नसे, कारण मनगट कागदावर टेकलेलं असे. बटणं दाबतानाही अडचण नव्हती. पण माउस धरून एका जागी झटपट दोनदा टिचकी मारायची म्हणजे हात हवेत तोलून धरावा लागतो. त्यांची पहिली टिचकी बसायची, दुसरी यायला वेळ लागायचा. विंडोजमध्ये अशा सावकाश दोन टिचक्यांचा अर्थ वेगळा होतो. फाइल उघडत नाही, तिचं नाव बदलायची चौकट उघडते. मग अब्बा पुढचं बटण दाबायचे आणि फाइलचं नावच बदलून जायचं. ज्या माणसानं शंभर नावांची पहिली अक्षरं तोंडपाठ सांगितली होती, त्याच्याच हातून नावं हरवू लागली. शेटजींचा मुलगा आधी हसायचा, मग चिडू लागला.

चित्रंही त्यांच्या ओळखीची नव्हती. डेस्कटॉप म्हणजे टेबलाचा पृष्ठभाग, फोल्डर म्हणजे वर कान असलेली पुठ्ठ्याची घडी, हे सगळं अमेरिकेतल्या ऑफिसातलं सामान. अब्बा आयुष्यभर गादीवर बसले, समोर उतरतं डेस्क, पावत्या तारेत ओवलेल्या. तारेचं चित्र त्या पडद्यावर कुठंच नव्हतं. आपण म्हणतो चित्राला भाषा लागत नाही. लागते. फक्त ती भाषा कुणाच्या घरची आहे हे पटकन दिसत नाही.

"मेरेकू नै होता बेटा ये," एका संध्याकाळी ते म्हणाले. 1998 मध्ये त्यांनी पेढी सोडली. घरी सांगितलं की डोळ्यांना कमी दिसतं. पुढे मशिदीच्या जमातीचा हिशोब लिहीत राहिले, वहीत, शेवटपर्यंत.

2001 साली राज्यभर एमएस-सीआयटी सुरू झालं आणि मी एका क्लासमध्ये शिकवू लागलो. मोहल्ल्यातल्या मुली, बायका पहिल्यांदाच संगणकासमोर बसत होत्या. त्यांना माउस शिकवायला मी पत्त्यांचा सॉलिटेअर लावून द्यायचो, पत्ता धरा, ओढा, सोडा. विणकाम-भरतकाम करणाऱ्या बायकांचा हात अर्ध्या तासात बसायचा. काळ्या पडद्यासमोर यातली एकही टिकली नसती, हे मला दिसत होतं. उरलेल्या वेळात मी धडे तयार करायचो. एकदा कंट्रोल पॅनेलमध्ये माउसचं पान उघडलं. तिथं एक सरकपट्टी होती, दोन टिचक्यांमधला वेळ ठरवायची. डावीकडे सरकवली की सावकाश मारलेल्या टिचक्याही चालतात. शेजारी तपासून बघायला एक खेळण्यातली पेटी, बरोबर जमलं की तिच्यातून विदूषक उडी मारतो. मी पट्टी अगदी डावीकडे नेली आणि मुद्दाम अब्बांसारख्या सावकाश टिचक्या मारल्या. विदूषकानं उडी मारली.

मी खुर्चीत तसाच बसून राहिलो. एक सरकपट्टी. तीही नको असेल तर नुसतं एंटर दाबूनही फाइल उघडते. ऑल्ट, टॅब आणि बाणांच्या कळांनी पूर्ण विंडोज चालवता येतं, माउसला हातही न लावता. हे मला डिप्लोमात कुणी शिकवलं नव्हतं, आणि मीही शोधलं नव्हतं. मी फक्त एवढंच ठरवून मोकळा झालो होतो की अब्बांना जमत नाही.

घरी जाऊन मी त्यांना हे सांगितलं नाही. काय सांगणार होतो? तीन वर्षं झाली होती.

आता अम्मीचं. अम्मी मोहल्ल्यातल्या मकतबमध्ये उर्दू शिकली, इंग्रजीचं अक्षर तिला येत नाही. अब्बांच्या संगणकाला तिनं कधी धूळ पुसण्यापलीकडे हात लावला नाही. अब्बा गेल्यावर काही वर्षांनी बहिणीनं तिला टचस्क्रीनचा फोन दिला आणि ती आठवड्यात रुळली. व्हॉट्सअॅपला ती 'हरा फोन' म्हणते. माइकवर बोट ठेवून बोलते, सोडते, गेलं. हैदराबादची खाला, दुबईतला भाऊ, सगळे तिच्या बोटाखाली. अब्बांची वही तिच्या काही कामाची नव्हती, आणि अब्बांना जी चित्रं परकी होती ती तिनं एका बोटानं आपली केली. एकाच घरातली दोन माणसं. यातलं सोपं काय आणि अवघड काय, हे कोणत्या पुस्तकात लिहिणार?

पण तिच्याही वाटेत खड्डे आहेत. एखाद्या रात्री फोन स्वतःला अपडेट करून घेतो आणि सकाळी बटण जागचं हललेलं असतं. मग पुण्याला फोन. "वो किधर गया रे?" मी विचारतो, वर उजवीकडे तीन ठिपके दिसतात का? तिथं तिला दोन दिसतात, किंवा तीन आडव्या रेघा दिसतात. अर्धा तास जातो. अब्बांनी शाल पांघरून फोनवरून काम करवून घेतलं होतं, ते मला जमत नाही. चित्र दाखवता येतं, सांगता येत नाही. आणि अम्मी जे शिकते ते लिहून ठेवायचं म्हटलं तर काय लिहिणार? ते बोटात असतं, आणि पडदा बदलला की बोटातलंही जातं.

सामान्य माणसाला कमांड झेपत नाही, असंही मग मला म्हणवत नाही. मोबाइल आला तेव्हा बॅलन्स बघायला स्टार आणि हॅशचे आकडे प्रत्येक रिक्षावाल्याला पाठ होते. रिचार्जच्या दुकानांत भिंतीवर त्यांचे तक्ते असायचे. 139 वर पीएनआर नंबर पाठवून तिकीट पक्कं झालं का, हे बघणारे माझे खालू चौथी शिकलेले. 2014 पासून देशभर *99# वर इंटरनेट नसताना बँकेतली शिल्लक कळते. या कमांडच आहेत. आणि चाटी गल्लीत आजही एखाद्या अकाउंटंटच्या शेजारी उभे राहा. टॅलीत पेमेंटला एफ-5, रिसीटला एफ-6, विक्रीला एफ-8, खरेदीला एफ-9. डोळे बिलावर, बोटं कळांवर, माउस कोपऱ्यात धूळ खात. दिवसात दोनशे नोंदी करणाऱ्याला चित्र शोधत फिरणं परवडत नाही. वर्षातून एकदा फॉर्म भरणाऱ्याला कळा पाठ करणं परवडत नाही. रोजची वाट असेल तर माणूस अंधारातही चालतो, नवख्या गावात मात्र पाटी लागते.

म्हणून कमांड की चित्र, या भांडणात मला आता रस उरलेला नाही. मी एवढंच बघतो की मशीन समोरच्या माणसाच्या सोयीनं थोडं सरकतं का, आणि ते सरकतं हे त्याला कुणी सांगतं का. सरकपट्टी प्रत्येक मशीनमध्ये कुठं ना कुठं असते. ती शोधून देणं हे शिकलेल्या माणसाचं काम आहे. आपण ते करत नाही. ज्याला आपल्या पद्धतीनं जमत नाही, त्याला आपण अडाणी म्हणतो आणि पुढे जातो. काल काळ्या पडद्यावाला अडाणी होता, आज चित्रांवाली. अडाणी ठरवणारे मात्र आपणच.

आणि चक्र फिरून पुन्हा तिथंच येतंय. नवी एआयची यंत्रं बघा. पुन्हा एक रिकामी चौकट, पुन्हा लुकलुकणारी खूण, काय करता येईल याची यादी नाही. फरक एवढाच की आता कमांड मराठीत देता येते, उर्दूत देता येते, चुकलेल्या स्पेलिंगनंही चालते. अब्बांना हे फार आवडलं असतं. पण एक गोष्ट त्यांना खटकली असती. त्यांचं मशीन समजलं नाही तर 'बॅड कमांड' म्हणून सरळ नकार द्यायचं. हे यंत्र समजलं नाही तरी उत्तर देतं, आणि चुकीचं उत्तरही तेवढ्याच गोड आवाजात. हिशोबाच्या माणसाला नकार चालतो, गोड चूक चालत नाही.

मी वही भाच्यासमोर ठेवली. त्यानं पानं उलटली. इंग्रजी अक्षरं त्याला ओळखता आली, पण बाकी सगळं उर्दूत. तो इंग्रजी शाळेत शिकला. "ये क्या लिख्या है मामू?"

"नानीला विचार."

अम्मीनं सुपारीचा अडकित्ता बाजूला ठेवला, हात पदराला पुसले आणि वही डोळ्यांजवळ नेली. इतक्या वर्षांत ती वही तिनं कधी उघडली नव्हती. ती सावकाश वाचू लागली. कपाटात काय आहे ते दाखव. दुसऱ्या कप्प्यात जा. भाचा गंमत म्हणून शेजारची इंग्रजी अक्षरं काळ्या पडद्यावर टाइप करत गेला. 'सीएलएस' चाललं नाही. 'कॉपी' चाललं नाही, लिनक्सनं आपल्या शब्दांत सांगितलं की ही कमांड सापडत नाही. मग त्यानं 'डीआयआर' टाइप केलं आणि पडद्यावर नावांची रांग उतरली.

"चल्या क्या?" अम्मीनं विचारलं.

"चल्या नानी."

तिनं पान उलटलं. लिहिलेलं ते शेवटचं पान होतं, मीही त्याच्याकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. पेन्सिलीनं काढलेले लहान लहान चौकोन. एकात फ्लॉपी, एकात कात्री, एकात घडी केलेला पुठ्ठा. हात कापल्यामुळे रेघा वाकड्या आल्या होत्या. प्रत्येक चौकोनासमोर उर्दूत अर्थ लिहिलेला. पानाच्या डोक्यावर तारीख होती, जानेवारी 1998.

अम्मी एकेक ओळ वाचत होती. भाचा आता काही टाइप करत नव्हता, नुसतं ऐकत होता.